अकरा ते चौदा मिनिटांची संस्कृती

माझ्या भाचीला परदेशी शिकायला जायचे आहे ही तिची महत्त्वाकांक्षा आणि त्यासाठी तिला आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्यायची आहे हे माझे प्रारब्ध. या परीक्षेचा तोंडी भाग अकरा ते चौदा मिनिटांचा असतो आणि त्यात समोर एक परीक्षक बसलेला असतो. ठाण्याच्या नौपाड्यातील आमच्या घरात रोज संध्याकाळी तो परीक्षक मी असतो. समोरचा माणूस काहीही बोलत असला तरी घड्याळाकडे पाहत स्थिर चेहऱ्याने बसण्याची सवय बँकेतील नोकरीमुळे घरात फक्त मलाच आहे, असे माझ्या पत्नीचे मत पडले.

पहिल्या टप्प्यात घर, गाव, आवडीनिवडी. दुसऱ्यात एक कार्ड हाती देऊन एक मिनिट विचाराला आणि दोन मिनिटांपर्यंत बोलायला. इथवर आम्ही मामा-भाची सुखात असतो. तिसऱ्या टप्प्यात परीक्षक व्यक्तीला सोडून समाजाला हात घालतो आणि क्लासने पाठ करायला दिलेली यादी भाचीच्या अंगात येते : कल्चरल हेरिटेज, सोशल कोहेजन (म्हणजे सामाजिक एकोपा), असिमिलेशन (म्हणजे दुसऱ्या समाजात मिसळून जाणे), एथ्निक डायव्हर्सिटी.

“तुमच्या शहरात नववर्ष कसे साजरे करतात?” असे मी विचारले, तेव्हा ते विविध समुदायांमधील सोशल कोहेजन वृद्धिंगत करते, असे तिने इंग्रजीत सांगितले. कोपीनेश्वर मंदिराची पाडव्याची स्वागतयात्रा, नऊवारी नेसून बुलेटवर बसलेल्या मुली, कानाशी वाजणारा ढोल, यांतले काहीही तिच्या उत्तरात नव्हते. आणि ती स्वतः त्या यात्रेत लेझीम खेळलेली आहे.

“म्हणजे नक्की काय होते?”

“मामा, परीक्षक असे विचारत नाहीत. उत्तर खरे आहे की नाही याला गुणच नसतात.”

मी निकष तपासले. ओघ, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार असे चार असून चौघांचे वजन सारखे आहे; सत्याचा रकाना खरोखरच नाही. शब्दसंपदेचा वाटा चतुर्थांशच आहे आणि पाठ केलेली उत्तरे परीक्षक ओळखतात, हे मी तिला सांगून पाहिले. मग ‘कल्चर’ म्हणजे तरी काय ते पाहावे म्हणून शोध घेतला, तर क्रोबर आणि क्लकहोन या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये त्याच्या १६४ व्याख्या गोळा केल्याचे आढळले. एवढ्यावरही समाधान न होऊन त्यांनी स्वतःची आणखी एक केली. मी शोध थांबवला.

वाद घालण्यातही अर्थ नव्हता, कारण माझी प्रत्येक तक्रार यादीतच निघे. दहीहंडीला तिने प्राचीन परंपरा म्हटले, तेव्हा मी उसळलो. ठाण्यात २०१२ मध्ये जय जवान पथकाने नऊ थर लावून १३.३४ मीटरचा विश्वविक्रम केला, तो पाहताना छाती भरून आली हे खरे. पण त्या भिंतीएवढ्या ध्वनिक्षेपकांत, लाखोंच्या बक्षिसांत आणि नेत्यांच्या फलकांत प्राचीन काय आहे? “कमर्शियलायझेशन ऑफ फेस्टिव्हल्स!” भाची आनंदाने म्हणाली आणि तिने त्या शब्दापुढे बरोबरची खूण केली. दुपारचा चहा आयता हातात मिळणे हा आमच्या घरचा कल्चरल नॉर्म आहे, असे मी उदाहरणादाखल सांगितले, तर तिने तो पॅट्रिआर्कीच्या, म्हणजे पुरुषसत्तेच्या, खाली टाकला. तेव्हापासून दुपारचा चहा मी करतो.

कल्चर शॉकच्या दिवशी तर पत्नीही सामील झाली. परक्या संस्कृतीत गेल्यावर बसणाऱ्या या धक्क्याच्या मानववंशशास्त्रज्ञ कालेर्व्हो ओबर्ग यांनी १९६० च्या लेखात चार अवस्था सांगितल्या आहेत : आधी मधुचंद्राची, मग संकटाची, मग सावरण्याची आणि शेवटी जुळवून घेण्याची. सांगलीहून लग्न होऊन ठाण्यात आलेल्या माझ्या पत्नीने, पहिली अवस्था आपल्याला दाखवण्यात आली नाही आणि दुसरी अद्याप चालू आहे, असे स्वयंपाकघरातून कळवले.

परवा कार्ड निघाले ते घरातील मोठ्यांशी झालेल्या मतभेदाचे. भाचीने विचाराचे एक मिनिटही घेतले नाही. दिवाळीच्या पहाटे राम मारुती रोडवर मैत्रिणींसोबत जाण्यासाठी तिने जे कपडे घातले होते, त्यांवरून मामीने दारातच तिला कसे अडवले, हे ती साध्या, भरधाव इंग्रजीत सांगत सुटली. यादीतला एकही शब्द तिला आठवला नाही. दोन मिनिटे संपल्याची खूण मी केली, पण तोवर पत्नी हातात उलथणे घेऊन बाहेर आली होती आणि तिने आपली बाजू सांगलीच्या मराठीत मांडायला घेतली होती. परीक्षकाला कोणीही विचारले नाही.

भाचीला मी नऊपैकी साडेसात दिले. इंग्रजीचे व्याकरण सोडून उरलेल्या तिन्ही निकषांवर आपल्याला किमान आठ मिळायला हवेत, असे पत्नीचे म्हणणे आहे.