सोपी वाट म्हणजे कमी जंगल नव्हे

आज सकाळी ग्रुपवर मी नुसतं विचारलं होतं, रविवारी बोंडल्याला, म्हणजे गोव्यातल्या आपल्या छोट्या अभयारण्यात, कोण येतंय? एका मित्राचं उत्तर: "बोंडला? तो काय ट्रेक? तिथं म्हाताऱ्यांना आणि पोरांना पाठव." खाली हसण्याच्या इमोजींची रांग. दुपारचे तीन वाजले तरी डोकं शांत होत नाहीये, म्हणून इथं लिहितेय.

हो, म्हाताऱ्यांनाच घेऊन जाते मी. गेल्या ऑक्टोबरात आईला नेलं होतं. आई सत्तरी तालुक्यातली, लग्न होऊन फोंड्याला आली आणि मग जंगल सुटलं ते सुटलंच. गुडघे दुखतात, त्यामुळे दर थोड्या अंतरावर बसत होती. आणि बसल्या जागेवरून मला झाडं सांगत होती. ही माट्टी, तो किंदळ. एका वेलीवर लालभडक कवंडळं लटकली होती, ती बघून तर तिला लहानपणीची माटोळी आठवली, चतुर्थीला गणपतीच्या वर रानातली फळं-फुलं बांधतात ती. कांगलं कुठून आणायचे, घागऱ्या कोण आणायचं, सगळं. अभयारण्यातलं काही तोडायचं नसतं हे तिला मला सांगावं लागलं नाही. फक्त बोट दाखवत राहिली.

तुमच्या दूधसागरच्या रीलमध्ये आहे हे? 2023च्या जुलैत त्या धबधब्याकडे रुळांवरून चालत गेलेल्यांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या, त्याचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिले. त्याच महिन्यात नेत्रावळीच्या मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले आणि अभयारण्यांतले धबधबे सगळ्यांनाच बंद झाले. बंदी उगाच नव्हती, मान्य. कठीण वाटा चढणारे सगळेच बेफिकीर नसतात, तेही मान्य. पण जंगलात जाणं म्हणजे काहीतरी जिंकून येणं, हे कुणी ठरवलं?

3702 चौरस किलोमीटरचं आपलं राज्य, त्यातला जवळजवळ पाचवा हिस्सा अभयारण्यांचा. बोंडला त्यातलं जेमतेम 8 चौरस किलोमीटर. चोडणचं सलीम अली पक्षी अभयारण्य तर त्याहून लहान, रायबंदरहून फेरी पकडली की समोर खारफुटी. खोतीगावच्या अभयारण्यात मचाण आहे. तांबडी सुर्ल्याला कदंबांच्या काळातलं महादेवाचं देऊळ बघून नदीकाठी बसलं तरी दिवस सार्थकी लागतो. हे सगळं आपल्या दाराशी आहे आणि आपली पोरं मॉलमध्ये वाढताहेत. मोलेचं जंगल तुटू नये म्हणून 2020 साली आपण भांडलो ना? मग ज्या जंगलासाठी भांडलो त्यातली चार झाडं तरी पोरांना ओळखता यायला नकोत? ती नावं सांगणारी माणसं भरभर चालू शकत नाहीत. आईला चढणीच्या वाटेवर नेलं असतं तर मला माट्टी कोणी दाखवली असती?

वाटेवर बसायला आणखी बाकडी हवीत. झाडांवर आपल्या नावांच्या पाट्या हव्यात, नुसती लॅटिन नावं वाचून आमच्या पोरांना काय कळणार! हे मागायला आपल्यातलं कोणी जात नाही, कारण बोंडला "तो काय ट्रेक".

असो. मघाशी जास्तच चिडले होते. ज्यानं ते लिहिलं त्याचेही वडील घरीच बसून असतात, त्यांना घेऊन ये बाबा, मी खरंच सांगतेय. रविवारी सकाळी आठला उसगावच्या तिठ्यावर भेटू. पाणी, टोपी आणि साधे बूट पुरेत. स्पीकर घरी ठेवा. ज्यांना रविवार जमत नाही त्यांनी दुसरा दिवस बघा, फक्त गुरुवार नको, गुरुवारी बोंडला बंद असतं.