वरच्या मजल्यावरचा फ्रेड

आमच्या डोक्यावर एक काका राहतात. ते निवृत्त झालेत, खलबत्ता अजून नोकरीत आहे. रात्री साडेदहाला ठाण् ठाण् सुरू. एवढी सुंठ कोण खातं, देव जाणे.

परवा त्यावर उतारा म्हणून मी घरात ‘टॉप हॅट’ हा हॉलिवूडचा सिनेमा लावला. १९३५ चा, कृष्णधवल. नाचणारी जोडी फ्रेड अस्टेअर आणि जिंजर रॉजर्स, गाणी अर्व्हिंग बर्लिनची. सोफ्यावर बायको, शेजारी आई, मांडीवर मटारची परात.

सुरुवातीलाच घोळ झाला. फ्रेड लंडनच्या हॉटेलात रात्री बुटांनी ठकठक वाजवत टॅप डान्स करतो आणि खालच्या खोलीतल्या जिंजरची झोपमोड होते. ती तणतणत वर जाते. बायकोने माझ्याकडे पाहिलं. “बघ. बाईमाणूस असून गेली वर.”

फ्रेड मात्र गुणी. ती खाली परतल्यावर तो जमिनीवर वाळू पसरतो आणि त्या वाळूवर पाय घासत इतकं हळुवार नाचतो की खाली तिचा डोळा लागतो. अंगाई म्हणावी ती अशी, पायांनी! मी भारावून म्हणालो, “बघा, नाचताना कॅमेरा त्याला डोक्यापासून पायापर्यंत दाखवतो. उगाच कापाकापी नाही.” वरून ठाण्.

पुढचा सगळा सिनेमा एका गैरसमजावर उभा आहे. जिंजरला वाटतं, हाच आपल्या मैत्रिणीचा नवरा. आईला हे सहन होईना. “अगं, पण नाव विचार ना त्याचं! दोन मिनिटांचं काम.” मी म्हटलं, “विचारलं तर सिनेमा संपेल.” “मग संपू दे की. मटार संपत आलेत.”

व्हेनिस आलं. स्टुडिओतलं, पांढरंशुभ्र, कालव्यात काळं रंगवलेलं पाणी. मग ते गालाला गाल लावून नाचण्याचं गाणं. जिंजरचा शहामृगाच्या पिसांचा झगा. चित्रीकरणात पिसं उडून फ्रेड वैतागला होता, आणि एखाददुसरं अजूनही पडद्यावर तरंगताना दिसतं. मी श्वास रोखून बसलेलो. आई म्हणाली, “उशी उसवलीय वाटतं.”

ठाण् ठाण् ठाण्.

उठलो. तणतणत वर गेलो. काकांनी दार उघडलं, हातात बत्ता. माझा सगळा आवेश तिथेच ओसरला. “काका, ते… खाली थोडी वाळू पसरली तर आवाज कमी होतो म्हणे.”

“वाळू? आणि सुंठीत कचकच आली म्हणजे?” असं म्हणत त्यांनी मला आत बसवलं, चहा पाजला, वर सुंठीची पुडी दिली. त्या चहाला तोड नव्हती, हे कबूल करायला हवं.

खाली आलो तर सिनेमा संपलेला, बायको सोफ्यावर गाढ झोपलेली. आई सालं गोळा करत होती.

“जमलं त्यांचं एकदाचं. तुझं काय झालं? काय नाव रे त्या गृहस्थांचं?”

सहा वर्षं मी त्यांना नुसतं काकाच म्हणतोय.