सिंगापूरला जाऊन हॉकर सेंटरमध्ये का जेवायचं? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार काका,

सिंगापुरात कमी पैशांत चांगलं जेवायचं तर हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखाली खाण्याचे अनेक छोटे गाळे असतात तिथे जा, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात मांडते. आयुष्यभर पै-पै साठवून माणूस एकदा परदेशी जातो, त्याला टपरीवर जेवायला सांगणं हा कंजूषपणा आहे. तिथल्या स्वच्छतेची हमी कोण देणार? शेजारच्या ताटात डुकराचं मांस असताना शाकाहारी माणसाच्या घशाखाली घास कसा उतरणार? आणि सहल कंपन्या आपलं जेवण देतात, लोकांना तेच हवं असतं, त्यात कमीपणा कसला? तुम्ही आणि काकू ऑक्टोबरमध्ये येताय, दोघंही शाकाहारी आहात, काकूंना मधुमेह आहे आणि नवरात्रात त्या कांदा-लसूण खात नाहीत, हेही तुम्ही लिहिलंय. या शेवटच्या माहितीमुळेच उत्तर लांबलंय.

आपल्या जेवणात कमीपणा अजिबात नाही. आमच्या घरी इथेही रोज वरण-भात होतो. पण सहलीत दोन्ही वेळा मिळतं ते वरण-भात नसतं, काका. पनीरची लाल भाजी, काळी डाळ, नान आणि गुलाबजाम, तेही बुफेमध्ये झाकून ठेवलेलं. ते ना ठाण्याच्या घरचं, ना सिंगापूरचं. त्याला माणशी वीस-पंचवीस सिंगापूर डॉलर, वर दहा टक्के सेवाशुल्क आणि ९ टक्के जीएसटी. सहलीच्या पैशांत हे आधीच धरलेलं असल्यामुळे आपल्याला दिसत नाही. हॉकर सेंटरमध्ये शाकाहारी पोटभर जेवण चार-पाच डॉलरमध्ये होतं, म्हणजे तीनशे रुपयांच्या आसपास. पैसे वाचतात हे खरंच आहे, पण मी तिथे पाठवते ते त्यासाठी नाही. हा देश जिथे रोज जेवतो ती जागा तुम्ही बघावी, म्हणून पाठवते.

या जागा कशा उभ्या राहिल्या ते सांगते, मग 'टपरी'चा तुमचा प्रश्न बराचसा सुटेल. १९६५ मध्ये सिंगापूर स्वतंत्र झालं तेव्हा इथले रस्ते फेरीवाल्यांनी भरलेले होते. वाहतं पाणी नाही, खरकटं गटारात, गटार नदीत. सरकारनं त्यांना हुसकावलं नाही. १९६८ च्या सुमारास सगळ्यांची नोंदणी सुरू झाली, १९७१ पासून त्यांच्यासाठी पक्क्या इमारती बांधायला घेतल्या. प्रत्येकाला नळ, वीज, सांडपाण्याची सोय असलेला गाळा मिळाला आणि १९८६ पर्यंत रस्त्यावरचे फेरीवाले या गाळ्यांत गेले. बरीचशी सेंटरं सरकारी घरांच्या वसाहतींना लागूनच आहेत, कारण नवरा-बायको दोघंही कामाला जाणार आणि त्यांना परवडणारं ताजं जेवण घराखाली मिळायला हवं, हे धरून वसाहती आखल्या गेल्या. आज अशी शंभराहून जास्त सेंटरं आहेत. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोनं या हॉकर संस्कृतीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. मी मुंबईत वाढले. फेरीवाल्यांच्या हातगाड्या उचलून नेणारे ट्रक बघत मोठी झाले. त्यामुळे हा इतिहास वाचताना मला हेवा वाटतो आणि तो मी लपवत नाही.

जेवण स्वस्त का, याचंही उत्तर यातच आहे. टेबलं सामाईक, साफसफाई सामाईक, वेटर नाहीत. एक गाळा एक-दोनच पदार्थ करतो, तेच तीस-तीस वर्षं. जे पहिल्या पिढीचे विक्रेते रस्त्यावरून इथे आले त्यांना भाडं सवलतीचं आहे. आणि गाळ्यात राबतात ते बहुतेक घरचेच. माल हलका वापरून किंमत उतरवलेली नाही. २०१६ मध्ये मिशेलिन या उपाहारगृहांना तारे देणाऱ्या नावाजलेल्या मार्गदर्शिकेनं सिंगापूरसाठी पहिली यादी काढली, तेव्हा चायनाटाउनच्या हॉकर सेंटरमधल्या एका चिकन-भाताच्या गाळ्यालाही तारा मिळाला. ताट तेव्हा दोन-अडीच डॉलरचं होतं.

पण हे सगळं असंच टिकेल असं समजू नका. हॉकरांचं वय आता सरासरी साठीकडे आहे, मुलांना पहाटे चारला उठून उकाड्यात उभं राहायचं नाही, आणि नव्यानं येणाऱ्याला गाळा निविदेनं घ्यावा लागतो. २०२४ मध्ये एका गाळ्यासाठी महिन्याला दहा हजार डॉलरच्या वर बोली गेली. आमच्या घराखालच्या सेंटरमधली शटरं एकेक करून खाली येताना मी बघते आहे. तिथे चार डॉलर दिले तर ते थेट रांधणाऱ्याच्या हातात पडतात. याला कंजूषपणा म्हणणं मला मान्य नाही.

आता स्वच्छता. इथे कधी काही घडलंच नाही, असं मी म्हणणार नाही. २००९ च्या एप्रिलमध्ये गेलांग सेराई भागातल्या तात्पुरत्या बाजारात रोजाक या मिश्र पदार्थाच्या एका गाळ्यावरून मोठी विषबाधा झाली. दीडशेच्या वर लोक आजारी पडले, दोन बायकांचा जीव गेला. कच्च्या सागरी मालातले जंतू शिजवलेल्या पदार्थांत मिसळले असावेत, असा निष्कर्ष निघाला. इथले लोक ते विसरलेले नाहीत. प्रत्येक गाळ्याला परवाना लागतो, अन्न हाताळणाऱ्याला अन्नसुरक्षेचा अभ्यासक्रम करावा लागतो, निरीक्षक न सांगता येतात, आणि दर काही महिन्यांनी अख्खं सेंटर धुण्यासाठी बंद राहतं. गाळ्यावर दर्जाची पाटी लावायची पद्धत १९९७ मध्ये आली. तिच्यात नंतर बदल झाले, तपासणी मात्र सुटलेली नाही. नळाचं पाणी थेट पिण्याजोगं आहे. २०२१ पासून स्वतःचा ट्रे उचलून परत ठेवणं बंधनकारक झालंय. तुमच्याकडून मला एवढंच हवंय: गर्दीच्या वेळी जा, रांग असलेला गाळा निवडा, समोर गरम होऊन येणारं मागा. दुपारी चारला तबकात उरलेल्या भाज्या घेऊ नका. ठाण्यातही तुम्ही हेच पाळत असाल.

शाकाहाराचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आणि त्यावर तुमची भीती पुष्कळशी खरी आहे. साध्या चिनी गाळ्यावर जाऊन नुसती 'भाजी' मागणं धोक्याचंच. पालेभाजीत ऑयस्टर म्हणजे कालवांचा सॉस असतो, सांबल या लाल मिरचीच्या चटणीत बेलाचान म्हणजे कोळंबीचा आंबवलेला लगदा, लक्सा या शेवयांच्या रश्शात सोडे, पांढऱ्या स्वच्छ दिसणाऱ्या सूपमध्ये सुके मासे. 'कॅरट केक' नावाच्या पदार्थात गाजर नसतं, तांदूळ-मुळ्याच्या वड्या अंड्यात परतलेल्या असतात. 'नो पोर्क, नो लार्ड' अशी पाटी दिसली की आपले लोक निश्चिंत होतात, पण ती फक्त डुक्कर नाही एवढंच सांगते. कोंबडी, मासे सगळं असतं.

तुम्ही शोधायचा तो चिनी बौद्धांचा शाकाहारी गाळा. बऱ्याच सेंटरांत एखादा तरी असतो, पाटीवर इंग्रजीत व्हेजिटेरियन लिहिलेलं असतं, कधीकधी आपल्यापेक्षा उलट दिशेचं बौद्ध स्वस्तिकही. चिनी महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला अनेक भाविक मांसाहार सोडतात, त्या दिवशी या गाळ्यांपुढे रांगा लागतात. आणि काकूंसाठी ही खास गोष्ट: परंपरेनं चालणाऱ्या गाळ्यांत कांदा नाही, लसूण नाही, कांद्याची पातसुद्धा नाही. बौद्ध शाकाहारात या उग्र वासाच्या वस्तू वर्ज्य आहेत. माझ्या सासूबाई चातुर्मासात इथे होत्या. त्यांनी अशा गाळ्यावरची कोबी आणि तांदळाच्या शेवया चाखून पाहिल्या, नि यात लसूण नाही हे मी सांगायच्या आधी त्यांनीच ओळखलं. नंतर दुपारच्या फिरण्याला निघताना त्याच विचारायच्या, आज त्या आंटींकडे जेवायचं ना?

तुम्ही ऑक्टोबरमध्ये येताय हे तर फारच छान. चिनी नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस ताओ परंपरेत नऊ सम्राट देवांचा उत्सव असतो. भाविक पांढरे कपडे घालतात, नऊ दिवस शाकाहारी राहतात, गाळ्यांवर पिवळी निशाणं लागतात. दोन्ही पंचांगं चंद्रावर चालत असल्यामुळे बहुतेक वर्षी हे नऊ दिवस आपल्या नवरात्राशीच जुळतात, एखाद्या दिवसाचा फरक सोडला तर. काकूंचं नवरात्र इथे सगळ्यात सोपं जाईल. धान्यफराळाचे कडक उपास असतील तर गोष्ट वेगळी, पण कांदा-लसणाची चिंता नको.

दोन गोष्टींची आधी कल्पना देते, नाहीतर गाळ्यावरूनच परत फिराल. पाटीवर चिकन राइस, मटण करी, रोस्ट डक अशी नावं असतील. ते सगळं सोया, गव्हाचं ग्लुटेन, टोफूच्या साली आणि अळंबी यांपासून केलेलं असतं. ते रूप तुम्हाला बघवत नसेल तर भाज्या, टोफू आणि शेवया घ्या. दुसरं, काही ठिकाणी अंडं चालतं, म्हणून 'नो एग' असं स्पष्ट सांगा. गाळ्यावरच्या वयस्क बायकांना सगळेच आंटी म्हणतात, पुरुषांना अंकल. तुम्हीही म्हणा. त्या तुमच्या वयाच्या असल्या तरी चालतं.

काकूंच्या मधुमेहासाठी 'थंडर टी राइस' शोधा. हक्का या चिनी समाजाचं हे जेवण: भातावर बारीक चिरलेल्या पालेभाज्या, चवळीच्या शेंगा, टोफू, शेंगदाणे, आणि सोबत चहाची पानं, तुळशीच्या जातीची पानं, पुदिना, तीळ वाटून केलेलं हिरवं सूप. बऱ्याच ठिकाणी हातसडीचा तांदूळ मिळतो. पहिल्या घोटाला कडवट लागतं, मग आवडायला लागतं. मात्र हे शाकाहारी गाळ्यावरच घ्या, इतरत्र त्यावर सुके मासे टाकतात. आणि तुमच्यासाठी गेलांग सेराईच्या बाजूला पुतू पिरिंग: तांदळाच्या पिठाची वाफवलेली चकती, आत माडाचा वितळलेला गूळ, सोबत ओलं खोबरं. उकडीच्या मोदकाचा हा चुलतभाऊच आहे. काकूंना एकच घास द्या.

आता शेजारच्या ताटाचं. टेबलं सामाईक आहेत, शेजारी कोणीही काहीही खाईल, हे मी बदलू शकत नाही. कोणाला ते सहन होत नाही याचा मला राग नाही, मळमळ हा काही युक्तिवादानं जाणारा प्रकार नाही. एवढं मात्र बघा की दुसऱ्याच्या पथ्याची कदर या जागेला आहे. हलाल जेवणाचे ट्रे आणि भांडी वेगळी, ती परत ठेवायच्या जागाही वेगळ्या. चिनी, मलय आणि तमिळ माणसं आपापले नियम पाळून एकाच छपराखाली जेवतात. मला या शहरात सर्वात मोलाचं हे वाटतं आणि ते बुफेच्या बंद हॉलमध्ये दिसत नाही.

तरीही नको असेल तर मिडल रोडवरच्या फॉर्च्युन सेंटरमध्ये जा. त्या इमारतीत शाकाहारी उपाहारगृहं खूप आहेत. शेजारच्या वॉटरलू स्ट्रीटवर क्वान यिम या करुणेच्या बौद्ध देवीचं देऊळ आणि त्याला लागून श्रीकृष्णाचं मंदिर आहे. चिनी भाविक एकाचं दर्शन घेऊन दुसऱ्यापुढेही उदबत्ती लावतात. किंवा सेरंगून रोडवर १९४७ पासून चालणारं कोमला विलास. तिथला डोसा म्हणजे 'आपलं जेवण शोधलं' असं समजू नका. तमिळ ही इथल्या चार अधिकृत भाषांपैकी एक आहे, त्यामुळे डोसासुद्धा सिंगापूरचाच.

तुमची खाकऱ्यांची आणि उपम्याची पाकिटं खुशाल आणा, रात्री-अपरात्री हॉटेलवर उपयोगी पडतील. एक दिवस सकाळी मात्र सेंटरमध्ये न्याहारी करा. बरेच शाकाहारी गाळे सकाळी लवकर उघडतात आणि दोन वाजता माल संपला की बंद, सोमवारी काही उघडतच नाहीत. जागा धरायला टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवायचं, कोणी हलवत नाही. चहा मागताना काळजी घ्या: नुसतं 'तेह' म्हटलं तर साखर घातलेल्या आटीव दुधाचा चहा येतो. काकूंसाठी 'तेह सी कोसोंग' म्हणा, म्हणजे साध्या आटवलेल्या दुधाचा, बिनसाखरेचा. आल्याचा हवा असेल तर 'तेह सी हालिया कोसोंग' म्हणा, 'सी' आणि 'कोसोंग' दोन्ही जोडायला विसरू नका.