‘ब्लॅकवाला फक्त खरी किंमत दाखवतो’ म्हणे!

एखाद्या मोठ्या कलाकाराच्या कार्यक्रमाची तिकिटं खुली होतात, बघता बघता संपतात, आणि थोड्याच वेळात तीच तिकिटं दुसऱ्या कुठल्यातरी साइटवर चौपट-पाचपट भावाने झळकतात. लोक चिडतात. मग त्यांची समजूत घालायला एक शहाणा मजकूर हमखास फिरायला लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: तिकिटांचा काळाबाजार असं काही नसतं, असते ती मागणी आणि पुरवठा. आयोजकाने तिकीट स्वस्त लावलं ही त्याची चूक, पुनर्विक्री करणारा फक्त खरी किंमत दाखवतो. पैसे मोजून घेतलेलं तिकीट ही माझी मालमत्ता, ते कितीला विकायचं ते मी ठरवेन. किमतीवर मर्यादा आणली तर धंदा अंधारात जाईल आणि फसवणूक वाढेल. आणि एवढंच खुपत असेल तर कलाकारांनीच दर वाढवावेत, दलाल आपोआप संपतील.

वाचताना पटतं. मलाही पहिल्यांदा पटलं होतं. अर्थशास्त्राच्या पुस्तकातल्या पहिल्या धड्यासारखा नीटनेटका मजकूर आहे. फक्त तो दुसऱ्या धड्यापर्यंत जात नाही.

मागणी आणि पुरवठ्यापासूनच सुरुवात करू. सभागृहात खुर्च्या मोजक्या आणि इच्छुक अफाट, हे खरं आहे. पण सामान्य माणूस खिडकीशी पोहोचतो तेव्हा त्याच्यासमोर असलेली टंचाई निव्वळ खुर्च्यांची नसते. न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलने जानेवारी २०१६ मध्ये तिकीटविक्रीवर एक सविस्तर अहवाल काढला. त्यातलं एक उदाहरण डोक्यातून जात नाही. ८ डिसेंबर २०१४ रोजी यू-टू या बँडच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या कार्यक्रमाची तिकिटं विक्रीला आली. एका माणसाला चारच तिकिटं, असा नियम जाहीर केला होता. एका दलालाने बॉट, म्हणजे माणसाऐवजी झपाट्याने खरेदी करणारा संगणक प्रोग्राम, लावून एका मिनिटात १,०१२ तिकिटं उचलली. दिवस संपेपर्यंत तो आणि आणखी एक दलाल, दोघांनी मिळून उत्तर अमेरिकेतल्या दौऱ्याची १५,००० हून अधिक तिकिटं गोळा केली होती.

याला किंमत ‘शोधणं’ म्हणायचं? माझ्या आधी रांगेत घुसून तू माल उचललास, म्हणून मला माल मिळाला नाही, म्हणून मी तुझ्याकडे आलो, आणि आता तू मला सांगतोस की बाजारात मालाची टंचाई आहे! साठेबाजीला आपल्याकडे फार जुना शब्द आहे, त्यासाठी नवं अर्थशास्त्र नको.

टंचाई करता येत नसेल तिथे ती भासवताही येते. व्हियागोगो या पुनर्विक्री साइटला ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने २०२० मध्ये ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला, त्यामागे ग्राहकांची दिशाभूल हेच कारण होतं. आपण अधिकृत विक्रेते आहोत असा आभास, आणि ‘एक टक्क्याहून कमी तिकिटं उरली’ अशी घाई. ती टक्केवारी त्या साइटवरच्या तिकिटांची होती, कार्यक्रमाच्या नव्हे. शिवाय या बाजारात हातात नसलेलं तिकीटही विकलं जातं. आधी गिऱ्हाइकाकडून पैसे घ्यायचे, मग तिकीट मिळवायच्या मागे लागायचं, नाही मिळालं तर हात वर. हा सरळ सट्टा झाला, आणि त्यात हरणारा पैसा गिऱ्हाइकाचा.

आता ‘स्वस्त लावलं ही आयोजकाची चूक’. ही चूक नसते. बहुतेक वेळा तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो. पुढच्या रांगांत फक्त पैसेवाले बसले तर कार्यक्रम थंड पडतो, हे मंचावर उभं राहिलेला कुठलाही कलाकार सांगेल. विशीतल्या श्रोत्याला आज परवडणाऱ्या दरात आत घेतलं तर तो पुढची तीस वर्षं येतो. म्हणजे छापील किंमत आणि ‘बाजारभाव’ यांच्यातला फरक कलाकाराने मुद्दाम श्रोत्यांसाठी सोडलेला असतो. दलाल तो उचलतो. गाणं त्याचं नाही, सभागृह त्याचं नाही, तोट्याची जोखीमही आयोजकाची. आयत्या बिळावर नागोबा या म्हणीचा याहून चपखल वापर मला सुचत नाही.

यावर तयार उत्तर येतं की जो जास्त पैसे देतो त्याला त्या कार्यक्रमाची ओढ जास्त, म्हणून तिकीट योग्य हातात पडतं. जास्त पैसे देणाऱ्याकडे जास्त पैसे असतात, एवढंच खात्रीने सांगता येतं. ओढ मोजायचं यंत्र म्हणून पाकीट फार वाईट आहे. मात्र या युक्तिवादात तथ्य अजिबात नाही असंही नाही. लेस्ली आणि सोरेन्सेन या अर्थतज्ज्ञांनी २००४ मधल्या रॉक मैफिलींची आकडेवारी तपासली तेव्हा पुनर्विक्रीमुळे तिकिटांचं वाटप काहीसं सुधारतं असंच दिसलं. पण त्याच अभ्यासाचा दुसरा अर्धा भाग कुणी फॉरवर्ड करत नाही: तिकीट आधी पटकावण्याच्या धडपडीत आणि पुनर्विक्रीच्या खर्चात त्या फायद्याचा मोठा वाटा वाया जातो.

‘माझं तिकीट, माझी मालमत्ता.’ हा मुद्दा भावनेला भिडतो म्हणून सगळ्यात जास्त चालतो. विमानाच्या तिकिटावर तुमचं नाव छापलेलं असतं. ते तिकीट तुम्ही दामदुप्पट भावाने शेजाऱ्याला विकू शकत नाही, आणि त्यावरून मालमत्तेच्या हक्काची हाकाटी करताना मी अजून कुणाला पाहिलेलं नाही. मग नाट्यगृहाचं तिकीटच एकदम जमिनीच्या सातबाऱ्यासारखं कसं झालं?

न्यायालयांनी हा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे. इंग्लंडमधल्या डॉनकास्टरच्या घोड्यांच्या शर्यतीत तिकीट काढून आत गेलेल्या एका गृहस्थाला बाहेर काढलं, तो खटला वुड विरुद्ध लेडबिटर. १८४५ मध्ये निकाल लागला की तिकीट म्हणजे आत येण्याची परवानगी, जागेवरचा हक्क नव्हे. १९१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही मॅरोन खटल्यात, तोही शर्यतींचाच, तीच दिशा धरली. थोडक्यात, तिकीट हा एक करार आहे, आणि करारात अटी असू शकतात.

पण इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांना थोडं थांबवावंसं वाटतं. ‘तिकीट हस्तांतरित करताच येणार नाही’ ही अट ज्याच्या हातात जाते तोही काही साधू नसतो. न्यूयॉर्क, इलिनॉय आणि कोलोरॅडो या राज्यांच्या कायद्यांनी अशा सरसकट बंदीला आडकाठी केली आहे. दलालांना त्याचा फायदा होतोच, पण एकाच कंपनीच्या ॲपमध्ये तिकीट कोंडून ठेवलं तर ग्राहक त्या कंपनीचा बांधील होतो, ही भीती खोटी नाही. द क्युअर या बँडने २०२३ च्या अमेरिका दौऱ्यात हा पेच प्रत्यक्ष अनुभवला. तिकिटं स्वस्त, हस्तांतर बंद, ज्याला यायचं नाही त्याने छापील किमतीलाच परत विकायचं. या तीन राज्यांत मात्र कायद्यामुळे बंदी घालता आली नाही. तरीही पुनर्विक्रीसाठी घेतल्याचं लक्षात आलेल्या सुमारे २,२०० ऑर्डरमधली जवळपास ७,००० तिकिटं रद्द झाल्याचं गायक रॉबर्ट स्मिथने स्वतः जाहीर केलं. शिवाय तिकीट कंपनीच्या अवाच्या सवा शुल्कावर त्याने उघड आवाज उठवल्यावर कंपनीला त्यातले काही डॉलर ग्राहकांना परत करावे लागले.

म्हणून मागणी नेमकी करायला हवी. तिकीट दुसऱ्याला देता आलंच पाहिजे. नफ्यासाठी विकता येता कामा नये. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि फिरणारा मजकूर त्यांची बेमालूम सरमिसळ करतो.

‘मर्यादा घातली की फसवणूक वाढेल.’ मर्यादा नसताना फसवणूक नव्हती काय? टेलर स्विफ्टच्या दौऱ्याच्या वेळी ब्रिटनमध्ये पुनर्विक्रीच्या किमतीवर अशी सर्वसाधारण मर्यादा नव्हती. तरी लॉइड्स बँकेने २०२४ मध्ये अंदाज काढला तो असा की बनावट तिकिटांपायी तिथल्या चाहत्यांचे सुमारे १० लाख पौंड बुडाले, आणि बहुतेक प्रकरणांची सुरुवात सोशल मीडियावर झाली. भामट्याला आकाशाला भिडलेले भावच सोयीचे असतात. तिकीट अधिकृतपणे छापील किमतीला परत मिळण्याची सोय असेल तर अनोळखी माणसाला परस्पर पैसे पाठवायची गरज किती जणांना पडेल?

मर्यादेचे कायदे ही काही कल्पनेतली गोष्ट नाही. जपानमध्ये जून २०१९ पासून धंदा म्हणून चढ्या भावाने तिकीट विकणं गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा १० लाख येनपर्यंत दंड. आयर्लंडने २०२१ मध्ये हजार किंवा त्याहून अधिक आसनक्षमतेच्या ठिकाणांसाठी तसाच कायदा केला. ब्रिटन सरकारनेही नोव्हेंबर २०२५ मध्ये मूळ किमतीच्या वर पुनर्विक्री बंद करण्याचा इरादा जाहीर केला.

या कायद्यांची खरी दुबळी बाजू वेगळीच आहे, आणि ती मजकुरात नाही: अंमलबजावणी. अमेरिकेने डिसेंबर २०१६ मध्ये बॉटविरोधी कायदा केला. त्याखाली पहिली कारवाई झाली जानेवारी २०२१ मध्ये! तीन दलालांना मिळून ३ कोटी १० लाख डॉलरचा दंड ठरला, पण ऐपत नाही म्हणून प्रत्यक्षात सुमारे ३७ लाखांवर भागलं. चार वर्षांत एक कारवाई, हे पाहून कोण घाबरेल? याउलट ब्रिटनमध्ये २०२० साली लीड्सच्या न्यायालयाने दोन मोठ्या दलालांना फसवणुकीबद्दल तुरुंगात पाठवलं, आणि त्या खटल्याने उद्योगातल्या अनेकांची झोप उडाली. एकेका विक्रेत्याच्या मागे धावण्यापेक्षा जी साइट ते तिकीट दाखवते आणि त्यावर कमिशन खाते तिलाच जबाबदार धरलं तर काम कितीतरी सोपं होतं. साइट मूठभर असतात, पत्त्यासकट.

राहिला दर वाढवण्याचा सल्ला. हा प्रयोग जुना आहे. १८५० मध्ये न्यूयॉर्कला जेनी लिंड या गायिकेच्या कार्यक्रमाची तिकिटं पी. टी. बार्नम या आयोजकाने चक्क लिलावात काढली होती, आणि पहिलं तिकीट एका टोपीविक्याने २२५ डॉलरला घेतलं. (टोपीची जाहिरात झाली, त्यामुळे त्याचे पैसे वसूल झाले असावेत.) आजचा अवतार म्हणजे मागणीनुसार चढता दर. ऑगस्ट २०२४ मध्ये ओएसिस बँडच्या तिकिटांसाठी लोक तासन्‌तास ऑनलाइन रांगेत थांबले, आणि नंबर लागला तेव्हा दीडशे पौंडांच्या आसपासचं तिकीट ३५५ पौंडांना समोर आलं. मग दलाल संपले? नाही. पुनर्विक्रीच्या साइटवर हजारो पौंडांचे भाव दिसतच होते. दर वाढवल्याने पैसा दलालाऐवजी निर्मात्याकडे जातो, हे मान्य, आणि ते तुलनेने बरंही. ‘हॅमिल्टन’ या गाजलेल्या अमेरिकन संगीतनाटकाच्या निर्मात्यांनी २०१६ मध्ये उंची आसनांचा दर ८४९ डॉलरवर नेला, पण सोबत सोडतीतली १० डॉलरची आसनंही २१ वरून ४६ केली. म्हणजे नुसत्या दरवाढीने प्रश्न सुटत नाही, हे दरवाढ करणाऱ्यांनाही कळत होतं. अमेरिकन गायक गार्थ ब्रुक्सने तर उलटी वाट धरली. दर कमी ठेवले आणि त्याच शहरात मागणी भागेपर्यंत कार्यक्रम वाढवत नेले. हे सगळ्यांना जमणार नाही, पण पुरवठ्याच्या गप्पा मारणाऱ्यांनी निदान त्याचं नाव तरी घ्यावं.

मजकुरात एक पात्र मुळीच येत नाही, ते म्हणजे खुद्द तिकीटविक्रीचा उद्योग. न्यूयॉर्कच्या त्याच २०१६ च्या अहवालानुसार गाजलेल्या कार्यक्रमांची सरासरी ४६ टक्केच तिकिटं सर्वांसाठी खुली होत होती. बाकीची आतल्या गोटासाठी राखीव किंवा निवडक ग्राहकांच्या आगाऊ विक्रीत गेलेली. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने लाइव्ह नेशन-टिकेटमास्टर या बड्या तिकीटविक्री कंपनीवर दावा लावला, त्यातला मुख्य आरोपच असा की दलाल तिकीटखरेदीची मर्यादा मोडत आहेत हे ठाऊक असूनही कंपनीने डोळेझाक केली, कारण तेच तिकीट दुसऱ्यांदा विकलं गेलं की शुल्कही दुसऱ्यांदा मिळतं. अवघे पाच दलाल ६,३४५ खाती चालवत होते, असं त्या दाव्यात म्हटलं आहे. आरोप सिद्ध होतील तेव्हा होतील. पण कुंपणच शेत खात असल्याचा संशय सरकारी यंत्रणा लेखी व्यक्त करत असताना ‘हा फक्त मागणी-पुरवठा’ म्हणणं धाडसाचं आहे.

शेवटी नेहमीचा प्रश्न उरतो: ऐन दिवशी ताप आला तर तिकीट विकायचं नाही का? ग्लास्टनबरी महोत्सवात २००७ पासून तिकिटासाठी फोटोसह नोंदणी लागते. तिकीट परस्पर दुसऱ्याला देता येत नाही, पण ठरलेल्या मुदतीत परत करता येतं, आणि परत आलेली तिकिटं महोत्सवच पुन्हा विकतो. मुदत टळल्यावर आजारी पडणाऱ्याची तिथे पंचाईत होते, आणि ती दूर करायची तर परतीची खिडकी शेवटच्या दिवसापर्यंत उघडी ठेवावी लागेल. त्यासाठी जरूर भांडू या. पण तापाने फणफणलेल्या माणसाकडे दोन तिकिटं असतात, फार तर चार. एक हजार बारा नसतात.