विजापूर ‘केलं’ म्हणे!

आज सकाळी भाचा आला होता. चौघं मित्र शनिवार-रविवार विजापूरला जाऊन आलेत. चहाचा कप हातात घेतला आणि म्हणाला, “मामा, विजापूर करून टाकलं. एका दिवसात अकरा ठिकाणं!”

करून टाकलं. विजापूर म्हणजे काय साठलेली इस्त्री आहे का रे, करून टाकायला?

तरी मी गप्प होतो. म्हटलं, पोरगं हौसेनं सांगतंय. विचारलं, गोल घुमटात वर गेलात ना, सज्जात काय ऐकलंत? तर त्यानं फोनच पुढे केला. चाळीस सेकंदांचा व्हिडिओ. किंचाळ्या, शिट्ट्या, एक जण कुणा पूजाला आय लव्ह यू म्हणतोय आणि पाठोपाठ अख्खा घुमट त्या पूजाला आय लव्ह यू म्हणतोय. मी म्हटलं, आणि कुजबुज? “कसली कुजबुज मामा, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं तिथं.”

माझा चहा तिथंच निवला. तेव्हापासून डोक्यात जे घोळतंय ते इथं ओततोय. लांबणार आहे, आधीच सांगतो.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी. मुहम्मद आदिलशहा १६५६ मध्ये गेला, त्याची ही कबर. खाली प्रचंड दालन, मध्ये एकही खांब नाही आणि डोक्यावर आतून साधारण ३८ मीटर व्यासाचा घुमट. चारही कोपऱ्यांना सात मजली मनोरे. त्यातल्या एकाच्या अरुंद जिन्यानं, गुडघ्यांना शिव्या घालत वर गेलं की घुमटाच्या बुडाशी आतून गोल फिरणारा सज्जा लागतो. तिथं भिंतीशी हळू बोललं की आवाज भिंतीच्या गोलाईला धरून सरकत जातो आणि पार पलीकडे बसलेल्याच्या कानात उतरतो. आम्ही गेलो तेव्हा तिथल्या रखवालदारानं आम्हाला एका बाजूला बसवलं, स्वतः समोर गेला आणि कागद फाडला. नुसता कागद. कानाशी कुणीतरी धोतर फाडल्यासारखं ऐकू आलं.

आणि त्याच सज्जात, त्यानंतर दहा मिनिटांनी, मी जे ऐकलं ते अजून विसरलेलो नाही. सांगतो. पण त्याआधीच्या दुपारचं सांगायला लागेल.

सहा-सात वर्षं झाली. मी, पम्या, बंड्या आणि सुहास. कॉलेजपासूनची टोळी. पुण्याहून पहाटे निघालो, सोलापूरवरून. नियोजन माझ्याकडे. (माझ्याबरोबर ज्यांनी प्रवास केलाय ते आत्ता हसतायत. हसा.) मी कागद छापून नेला होता, प्रत्येकाला एकेक प्रत. मुलूख मैदान वीस मिनिटं. उपळी बुरूज पंधरा मिनिटं. ताज बावडी दहा मिनिटं. जेवण १.१५ ते १.४५.

मुलूख मैदान तोफेपाशी पम्या रेंगाळला. पंचावन्न टनांचं धूड ते. तोफेच्या तोंडाला सिंहाचा जबडा केलाय आणि त्या जबड्यात हत्ती चिरडला जातोय. पम्या त्या हत्तीवरून बोट फिरवत उभा. मीच कौतुकानं सांगितलं की ही १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली, तालिकोटच्या लढाईत वापरली आणि १८५४ मध्ये इंग्रजांनी भंगार म्हणून लिलावाला काढली तर बोली आली दीडशे रुपये! शेवटी लिलाव रद्द झाला म्हणून ती आज बुरुजावर आहे. पम्या म्हणाला, “दीडशे? थांब, मला परत सांग.” आणि मी काय म्हणालो असेन? “गाडीत सांगतो, चल.”

मग जेवण. एका गल्लीत खानावळ होती. पाटीसुद्धा धड नव्हती, चार बाकडी. ताटात आधी कडक रोट्टी आली, पापडासारखी मोडणारी. एण्णगाई, म्हणजे आपलं भरलं वांगं, पण तेल आणि शेंगदाण्याला हात आखडता न घेता केलेलं. मोड आलेल्या मटकीची उसळ, शेंगाचटणी, तिच्यावर घट्ट दही. आणि आतून थाप थाप थाप असा आवाज. एक बाई हातावर ज्वारीच्या भाकऱ्या थापत होत्या. तव्यावरची भाकरी फुगली की तिथूनच विचारायच्या, “इन्नोंदु?” आम्ही “ब्याड, ब्याड” म्हणायचो आणि भाकरी यायचीच. पम्याची तिसरी का चौथी चालू होती. तो दह्यात शेंगाचटणी कालवून बसला होता, चेहरा असा की विचारू नका. पुढची भाकरी तव्यावर फुगत होती, त्याच्याच नावाची.

मी घड्याळ बघितलं. दोनला पाच कमी. म्हटलं, “पम्या, उठ. बारा कमान राहील.”

तो उठला. काही बोलला नाही. त्या बाईंनी भाकरी वर्तमानपत्रात गुंडाळून दिली, ती त्यानं गाडीत खाल्ली. गार. कोरडी.

बारा कमान म्हणजे काय, तर दुसऱ्या अली आदिलशहाची अर्धवट राहिलेली कबर. काळ्या दगडाच्या कमानी आणि वर आकाश. साडेतीनशे वर्षं ती तशीच उभी आहे. अर्धा तास अजून उभी राहिली असती की! पण तेव्हा हे सुचलं नाही. आज सुचतंय, भाच्यावर चिडताना.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी घुमट उघडल्या उघडल्या आम्ही वर. हेही माझंच नियोजन, आणि एवढं मात्र बरोबर होतं, त्याचं श्रेय मी घेणार. माणूस नव्हतं. पारवे तेवढे फडफडत होते. रखवालदाराचा कागद फाडून झाला, तो खाली गेला. सुहास फोटो काढत कुठंतरी फिरत होता. मी थकून भिंतीला टेकून बसलो. पम्या आणि बंड्या बरोबर माझ्या समोर, घुमटाच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीला पाठ लावून. एवढेसे दिसत होते. आणि माझ्या कानात, अगदी कानात, पम्याचा आवाज आला.

“पुढच्या वेळी ह्याला न सांगता येऊ. निदान भाकरी तरी गरम खाता येईल.”

बंड्या हसला. तेही ऐकू आलं.

मी हललो नाही. मध्ये ती एवढी पोकळी, खाली आदिलशहा, त्याच्या बेगमा आणि त्याची लाडकी नर्तकी रंभा असे सगळे ओळीनं झोपलेले, आणि पस्तीस वर्षांच्या मैत्रीतलं खरं बोलणं भिंतीवरून सरपटत माझ्यापर्यंत पोचलेलं. पहिल्यांदा राग आला. डिझेल कोण भरतंय, खोल्या कुणी ठरवल्या, असलं काय काय मनात आलं. मग राग कुठं गेला कळलं नाही. कारण भाकरीचं खरं होतं.

आता भाचेबुवांकडे येतो. मी विचारलं, जेवलात कुठं? म्हणे, “वेळच नव्हता मामा, हायवेला बर्गर खाल्ले.” ज्वारीच्या मुलखात जाऊन बर्गर! आमच्या वयाचेही कमी नाहीत म्हणा. विजापुरात पनीर टिक्का मसाला आणि बटर नान मागवणारे मी डोळ्यांनी बघितलेत, आणि वर “इथं जेवणाचे हाल आहेत” म्हणून सगळ्यांना सांगतात. हाल तुमच्या जिभेचे आहेत हो.

आणि हे ‘करणं’ कुठून आलं आपल्यात? केरळ केलं, राजस्थान केलं, युरोप केला. यादी घ्यायची, टिकमार्क करत सुटायचं. बरं, बघूनही आपल्याकडच्यांचं विजापूर अफजलखानापाशी सुरू होतं आणि तिथंच संपतं. अरे, शहाजीराजे ह्याच दरबारचे सरदार होते. पहिल्या इब्राहिमच्या काळात इथल्या महसुली हिशेबांतून फारसी हटवून मराठी आणली होती. हे आपलंही गाव होतं एका अर्थानं. पण हे ऐकायला कुणीतरी पाच मिनिटं बसायला तर हवं!

मान्य, सगळ्यांना सुट्ट्या नसतात. दोन दिवसांत जे जमेल ते बघायचं, ह्यात गैर काही नाही. लहान पोरं तर सज्जात ओरडणारच. मीही जिन्यातून बाहेर आल्या आल्या “होऽऽ” केलं होतं, खोटं कशाला बोलू? पण एकदा करा आणि गप्प बसा ना. तिथं लोक दोन-दोन तास नुसते बोंबलतात. कुजबुजण्यासाठी प्रसिद्ध असलेली जागा आणि तिथं कुजबुज सोडून सगळं चालतं.

असो. रक्तदाब वाढतोय.

त्या सकाळी खाली उतरलो तेव्हा माझ्या कागदावर पुढे होतं, इब्राहिम रोजा, चाळीस मिनिटं, मग जोड गुंबज, मग आसार महाल. मी कागद खिशातून काढलाच नाही. इब्राहिम रोजात गेलो. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची कबर आणि समोर मशीद, एकाच चौथऱ्यावर. गोल घुमट अंगावर येतो, हा रोजा जवळ बोलावतो. खिडक्यांना दगडी जाळ्या आहेत, पण नुसती नक्षी नाही, अक्षरंच कोरून जाळी केलेली, अक्षरांच्या मधल्या फटींतून उजेड आत येतो. मशिदीच्या छज्जाला एकाच दगडातून कोरलेल्या साखळ्या लोंबतायत. पम्या सावलीत बसला. मी त्याच्या शेजारी बसलो. तो दर दहा मिनिटांनी माझ्या मनगटाकडे बघत होता, हा कधी उठवतोय म्हणून. मी घड्याळ काढून खिशात टाकलं होतं. दीड-दोन तास झाले असतील. शेवटी तोच म्हणाला, “बरं नाही का वाटत तुला?”

मी म्हटलं, “भूक लागलीय. कालच्या खानावळीत जाऊ.”

गेलो. जोड गुंबज राहिला, आसार महाल राहिला. बाईंनी ओळखलं, पम्याकडे बघून हसल्या. पाच भाकऱ्या खाल्ल्या गड्यानं, सगळ्या तव्यावरून थेट ताटात. मी मोजल्या. त्यालाही कळेना की मी एकदाही “चला” का म्हणत नाही. परतीच्या वाटेवर सोलापूर येईस्तोवर तो तोफेच्या दीडशे रुपयांची गोष्ट माझ्याकडून पुन्हा पुन्हा ऐकत होता. चौथ्या वेळेला तर मलाच कंटाळा आला.

सज्जातलं ऐकलं हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. भाच्याला आज सकाळी सांगणार होतो, पण त्याला पुढे कुठंतरी जायचं होतं, अर्धा कप चहा टाकून उठला.

पम्या, तू ही पोस्ट वाचणार हे मला माहीत आहे. ऐकू आलं होतं रे मला. बंड्याचं हसणंसुद्धा. जोड गुंबज अजून बघायचा राहिलाय, जानेवारीत हुरड्याच्या दिवसांत जाऊ. गाडी तू काढ, कागद मी छापत नाही. मात्र सज्जात ह्या वेळी तू माझ्या शेजारीच बसायचं.