वाडा आडवा झाला

आमचा नारायण पेठेतला वाडा पाडायचं ठरून दोन वर्षं झाली, म्हणजे पुण्याच्या हिशोबाने अजून नुसती बोलणी चालू आहेत. मध्यंतरी बिल्डरचा माणूस येऊन लॅपटॉपवर नव्या इमारतीची चित्रफीत दाखवून गेला. तीत नारायण पेठेत नारळाची झाडं होती, रस्त्यावर एकही दुचाकी नव्हती आणि लॉबीत एक गोरं जोडपं कुत्रं घेऊन लिफ्टची वाट बघत होतं. बाकीची मंडळी कार्पेट एरियावरून भांडत होती तेव्हा अण्णाकाका त्या कुत्र्याकडे बघत होते. माणूस गेल्यावर म्हणाले, "जे अजून बांधलंच नाही त्यात यांचं कुत्रं हिंडतं. मग जे दीडशे वर्षं उभं आहे, त्यात आपल्याला का हिंडता येऊ नये?"

प्रश्न मला होता. मी हिंजवडीत पगारपत्रकांचं सॉफ्टवेअर लिहिते. रजा, प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी. सगळा सपाट कारभार, तिसऱ्या मितीशी संबंध नाही. पण काकांच्या लेखी कॉम्प्युटर म्हणजे कॉम्प्युटर, त्यात पोटजाती नसतात. "अगं, तुझंच तर काम ते."

मॉडेल बनवायचं एखादं सॉफ्टवेअर शिकून घेते, असं मी म्हणून पाहिलं. काका ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेत. जे वहीत लिहिता येत नाही आणि दुसऱ्याला तपासता येत नाही, त्याला ते मोजमाप मानत नाहीत. मग मला ओबीजे फाइल आठवली, त्रिमितीतली आकृती आकड्यांत लिहून ठेवायची. वेव्हफ्रंट टेक्नॉलॉजीज नावाच्या अमेरिकी कंपनीने १९८०च्या दशकात काढलेला हा प्रकार अजून टिकून आहे, कारण त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नाहीच. साधा मजकूर. नोटपॅडमध्ये उघडा आणि वाचा. ओळ 'व्ही'ने सुरू झाली तर पुढचे तीन आकडे म्हणजे एक बिंदू. 'एफ'ने सुरू झाली तर कुठले बिंदू कुठल्या क्रमाने जोडले की एक भिंत होते, ते त्यांचे नंबर. आणि हॅशने सुरू झाली तर ती ओळ माणसांसाठी. कॉम्प्युटर तिच्याकडे ढुंकून बघत नाही.

"म्हणजे एम.बी.च की," काका खूश झाले. एम.बी. म्हणजे मेजरमेंट बुक. काकांच्या नोकरीतली गीता.

मापं घ्यायला आठवडा गेला. काकांच्या टेपचे सुरुवातीचे चार इंच कधीच तुटून गेलेत, त्यामुळे दर मापातून चार वजा करायचे असतात. ते काका मनातल्या मनात करतात आणि नंतर मीही केले. दोघांनी मिळून चार इंचांनी आखूड केलेलं माजघर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावं लागलं. हॅशची सोय कळल्यापासून तर काकांना ऊतच आला. 'हॅश, इथे जातं होतं.' 'हॅश, हा खांब हलतो, टेकू नये.' 'हॅश, ही खिडकी गोडबोल्यांनी १९७८ साली परस्पर पाडली.' चारशे बारा बिंदूंच्या फाइलीत साठ-सत्तर पाट्या झाल्या. फाइल वाचून वाडा स्क्रीनवर दाखवायला मी जो प्रोग्रॅम लिहिला, त्याने त्यातली एकही वाचली नाही. पुण्यातल्या पाट्यांना याची सवय आहे.

वहीतले आकडे फाइलीत टाइप करायचं काम माझं. वही देवनागरी आकड्यांत. रात्री अकरानंतर आपला १ कधी इंग्रजी नऊ होतो आणि ४ कधी इंग्रजी आठ, ते डोळ्यांना कळत नाही. एक फूट उंचीचा ओटा नऊ फुटांचा होऊन थेट माडीला जाऊन टेकला. तो चुकलाय हे दिसलं तरी. फूट-इंचांनी मात्र केसाने गळा कापला. नऊ फूट सहा इंच मी ९.६ असं लिहिलं. नऊ फूट दहा इंच, ९.१०. आता कॉम्प्युटरला ९.१० म्हणजे ९.१. तो सांगकाम्या. त्याने दहा इंचवाले खांब सहा इंचवाल्यांपेक्षा बुटके केले आणि ओसरीचं छत एका अंगाला कललं. काकांनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं.

"नऊ फूट दहा इंच हे नऊ फूट सहा इंचांपेक्षा कमी कधीपासून झालं?"

"काका, पॉइंटनंतर..."

"फुटात इंच किती?"

"बारा."

"मग?"

मी इंजिनिअर आहे. माझी डिग्री फ्रेम करून दिवाणखान्यात लावलेली आहे, त्याच भिंतीवर, जी आता स्क्रीनवर तिरपी दिसत होती. साडेनऊला साडेनऊ लिहायला मला चौथीतल्या गणिताकडे परत जावं लागलं. सगळी इंचं बाराने भागली, रात्री दीड वाजेपर्यंत.

खरं तर हे सगळं पुढचं. मुळात पहिल्यांदा प्रोग्रॅम चालवला तेव्हा स्क्रीनवर जे आलं ते वाडा नव्हतं, कुणी घाईत पाडलेली जिलबी होती. प्रत्येक भिंत शेजारच्या भिंतीचा एक कोपरा ओढून घेऊन बसलेली. कारण असं की ओबीजे फाइलीत बिंदू एकपासून मोजतात आणि आम्ही प्रोग्रॅमवाले शून्यापासून. वाचताना प्रत्येक नंबरातून एक वजा करायचा असतो. तो मी केला नव्हता. टेपचे चार इंच मात्र दोनदा वजा केले होते.

"शून्यापासून कोण मोजतं?" काकांनी विचारलं. "शून्य नंबरची खोली असते का? शून्य तारखेला पगार होतो का?" चाळीस वर्षांपूर्वी कुणा अमेरिकनाने काकांच्या बाजूने निकाल दिलेला असल्यामुळे मला काही बोलता येईना.

एक वजा केला आणि वाडा सरळ झाला. सरळ म्हणजे भिंती सरळ. वाडा आडवा होता. पालथा, तोंड जमिनीत खुपसून, कौलं आमच्याकडे करून. वेळ दुपारी सव्वाची असल्यामुळे घरात कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. आई म्हणाली, "पडू दे, चारला उठेल."

एम.बी.त लांबी, रुंदी, उंची असा क्रम असतो, तसाच काकांनी लिहिलेला. माझ्या प्रोग्रॅमला उंची दुसरी हवी. म्हटलं, दुसरा आणि तिसरा आकडा अदलाबदल केले की झालं. केले. वाडा उठून उभा राहिला आणि रस्त्यावरून पहिलं दर्शन झालं ते परसातल्या संडासाचं. त्याच्यामागे माजघर, मग चौक आणि सगळ्यात शेवटी दिंडी दरवाजा. नुसती अदलाबदल केली की आरशातलं घर मिळतं. एका आकड्याला वजा चिन्हही लावावं लागतं. हे मला कळायला दोन दिवस गेले आणि तेवढे दोन दिवस आमचा संडास नारायण पेठेच्या हमरस्त्यावर होता. काकांनी वहीत हॅश घालून तशी नोंदही केली.

फरशी नव्हती, हे आईच्या लक्षात आलं. आम्ही भिंती मोजल्या, खांब मोजले, कोनाडेसुद्धा मोजले आणि पायाखाली पाहिलंच नाही. चौकात उभं राहिलं की खाली काळोख. मी तिला युटाच्या किटलीची गोष्ट सांगितली. मार्टिन न्यूएल नावाच्या संशोधकाने १९७५ साली युटा विद्यापीठात घरातली चहाची किटली आलेखाच्या कागदावर उतरवली आणि तिचे आकडे कॉम्प्युटरला दिले. त्या आकड्यांत किटलीला बूडच नव्हतं. तरी पुढे जगभर ज्याने त्याने आपला प्रोग्रॅम तपासायला तीच किटली वापरली. खरी किटली आज कॅलिफोर्नियात कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये जपून ठेवलेली आहे.

"बूड नाही आणि म्युझियममध्ये?" आई म्हणाली. "तुळशीबागेतून आणली असती तर मी त्याच दिवशी परत केली असती." मी फरशी घातली.

दारांचंही झालं. दाराची भिंत मी आठ कोपऱ्यांची एकच आकृती म्हणून दिली होती. कॉम्प्युटर प्रत्येक आकृतीचे त्रिकोण पाडतो. माझा प्रोग्रॅम पहिल्या कोपऱ्यातून पंख्यासारखे त्रिकोण पाडत सुटला आणि वाटेतलं दार तिरपं बुजवून टाकलं. काकांनी एका मिनिटात भिंतीचे तीन तुकडे करून दिले, डावा, उजवा आणि चौकटीवरचा. "दार वजा केल्याशिवाय मी आयुष्यात एक बिल पास केलेलं नाही."

मग मला शहाणपण सुचलं. भिंतीची जी बाजू आपल्याकडे पाठ करून आहे ती रंगवायचीच नाही, अशी एक सोय असते. वेळ वाचतो. चारशे बारा बिंदूंत असा कितीसा वाचणार होता, पण सगळे करतात म्हणून मीही ती चालू केली. आणि वाड्याची दर्शनी भिंत गायब झाली. रस्त्यावरून थेट आत दिसायला लागलं. माजघराची मागची भिंत, देवघर, गोडबोल्यांचा कोनाडा. जवळ जावं तशी एकेक भिंत विरघळायची आणि पलीकडची दिसायची.

पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली, हे कॉम्प्युटर कोपऱ्यांच्या क्रमावरून ठरवतो. घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने कोपरे दिले तर ती भिंतीची पुढची बाजू. आणि काकांनी एकूणएक भिंतीचे कोपरे काट्यांच्या दिशेने दिलेले.

"काका, हे उलटं हवं होतं."

"उलटी प्रदक्षिणा?"

"प्रदक्षिणा नाही हो, नुसता क्रम."

"वास्तूभोवती फिरताना उजवीकडूनच फिरतात. मी काय अपशकुन करू, तुझ्या मशीनला दिसत नाही म्हणून?"

प्रोग्रॅममध्ये एका शब्दाने दिशा फिरवता येते. ती मी रात्री गुपचूप फिरवली आणि फाइलीत हात लावला नाही. काकांच्या वहीतली प्रदक्षिणा अजून शास्त्रानुसारच चालू आहे. मशीन काय करतं ते मशीनच्या पापपुण्यात. तसंही, बाहेरून भिंती दिसल्या काय, न दिसल्या काय, आमच्या वाड्यात कुणाच्या घरात काय चाललंय हे कुणापासून लपलेलं नव्हतंच.

शेवटी एका रविवारी काकांना खुर्चीत बसवलं आणि वाड्यात सोडलं. दिंडी दरवाजातून आत, चौकात. काका गप्प. मला वाटलं गहिवरले. थोड्या वेळाने म्हणाले, "मी रांगतोय का?"

डोळ्यांची उंची मी १.६ ठेवली होती. ती मीटरमध्ये. वाडा फुटांत. ओबीजे फाइलीत नुसते आकडे असतात, ते कशाचे हे बघणाऱ्याने समजून घ्यायचं. काका दीड फुटावरून वाडा बघत होते. वृंदावन डोंगराएवढं, ओट्याची कड नाकासमोर. "हा बोक्याचा वाडा आहे," ते म्हणाले, पण उठले नाहीत. तसेच बोक्याच्या उंचीवरून ओसरीखाली गेले, जिन्याखालच्या अडगळीत गेले, हौदाच्या मागे गेले. मी उंची सव्वापाच करते म्हटलं तर हाताने थांबवलं. लहानपणी लपाछपीत याच उंचीवरून बघितलं होतं म्हणे सगळं.

मग चौकाच्या उत्तर भिंतीसमोर थांबले.

"रेघ कुठाय?"

१२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा पाणी कुठवर आलं ती रेघ. आजोबांनी गेरूने ओढलेली, नंतर प्रत्येक रंगकामात जपून ठेवलेली. काका तेव्हा बारा वर्षांचे होते आणि कौलांवर बसून त्यांनी चौकात तरंगणारा पाळणा बघितलेला आहे. आम्ही चारशे बारा बिंदू मोजले आणि ती रेघ मोजलीच नाही, कारण ती भिंत नाही, खांब नाही, तिला जाडीही नाही.

ओबीजेत रेघेचीही सोय आहे. 'एल' लिहायचं आणि दोन बिंदूंचे नंबर द्यायचे. माझ्या प्रोग्रॅमला 'एल' येत नव्हतं, ते तिथेच बसून शिकवलं. काका तोवर टेप घेऊन चौकात गेले, आई स्टूल धरून.

रेघ आली, पण भिंतीच्या नेमकी पातळीत असल्यामुळे रेघ पुढे की भिंत पुढे हे मशीनला ठरवता येईना. जरा हललं की रेघ तुटायची, जोडायची, लुकलुकायची. "थांबा, अर्धा इंच पुढे घेते," मी म्हटलं.

"राहू दे," काका म्हणाले. "त्या दिवशीही हलतच होतं. उंची बरोबर घातलीस ना? आठ फूट पाच इंच."

मी आधी ८.५ टाइप केलेलं होतं. ते खोडून ८.४१६७ केलं आणि मग हो म्हटलं.