‘आपसात देऊन टाक’ म्हणे!

“भो, तुझी बारा बोअरची बंदूक आपसात देऊन टाक, कागद मागाहून करू!” लग्नसराई आली की कोणीतरी विचारतंच. डोकं फिरतं माझं! घेणाऱ्याकडे परवाना हवा, जिल्हाधिकाऱ्यांना किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं, मग ४५ दिवस थांबायचं. एवढं जड जातं? वर जुने नेमबाजही म्हणतात, “आपलीच माणसं आहेत.” आपलीच? उद्या हळदीत त्याच बंदुकीचा बार कुणाच्या पोराला लागला तर? असल्या जिवावर बेतणाऱ्या बारांना शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनं दोन वर्षांपर्यंत कैद आहे, तरी हौस फिटत नाही! सातपुड्यातून जळगावच्या चोपडा तालुक्यात आलेले गावठी कट्टे पकडले की हेच लोक तावातावानं बोलतात. मग बिनकागदाची बारा बोअर काय वेगळी? नाही देणार. पुन्हा विचारू नका!